सदर इसम माझ्याकडे कामाला आहे

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
११ एप्रिल २०२०

प्रिय चुडामण,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि धुरपदाबाईंचा फोन बंद लागतोय. रिचार्ज संपलं असणार. म्हणून तुमच्या जसोंडीहून सकाळी दूध घेऊन येणाऱ्याच्या हाती ही चिठ्ठी देतोय. सध्या पोलिस त्याचीच गाडी सोडतात.

नीट पोचलात ना? तुम्ही तिघं बोचकी घेऊन उन्हातान्हात चालत निघालात, ते शोभाला अजून सहन होत नाही. रोज विचारते, निशाच्या पायाचे फोड बरे झाले का. राहा म्हणायला पाहिजे होतं मी. पण कारखान्याला कुलूप आणि घरभाड्याचं काय ते तुझ्या घरमालकानं स्पष्ट सांगितलेलं. मी कोणत्या तोंडानं म्हणणार?

सहाही माग बंद आहेत. तिसऱ्या मागावर तुझं अर्धं कापड तसंच आहे, मी हात लावला नाही. आपण दोघं आयुष्यभर ओरडून बोललो, तुझे कान तर त्या खडखडाटातच गेले. परवा मी एकटा आत गेलो तर माझ्याच चपलेचा आवाज ऐकून दचकलो.

टीव्हीवर सांगताहेत की सरकार मजुरांच्या खात्यात मदत टाकणार, राशन देणार. आमच्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांनाही काहीतरी मिळेल म्हणतात. तू टेन्शन घेऊ नको. मी इथे बसलोय ना.

तुझा,
प्रभाकर


जसोंडी
२६ एप्रिल २०२०

प्रभाकरला चुडामणचा रामराम.

चिठ्ठी भेटली. वाचून बरं वाटलं. निशाचे पाय बरे आहेत, वहिनीला सांग.

आम्ही भावाकडे आहोत. गोठ्याच्या बाजूची खोली दिली त्यानं. केळी घ्यायला ट्रक येत नाही, घडच्या घड झाडावर पिकून राहिले. ढोरं केळी खाऊन कंटाळली. म्हणजे उपाशी कोणी नाही. पण वीस वर्षं शहरात कमावून आता भावाच्या बायकोच्या हातची भाकर खायची, तर घास खाली जात नाही रे. ती काही बोलत नाही, तेच मोठं.

पंचायतीत गेलो होतो. निशा सोबत होती. सचिव बोलत होता ते ती वहीत लिहून मले दाखवत होती. त्यानं विचारलं, "राशन कार्ड कुठलं?" मी म्हटलं बुऱ्हाणपूरचं. "मग इथल्या यादीत नाव येणार नाही. काम काय करता?" मी म्हटलं माग चालवतो. "कोणाकडे?" मी तुझं नाव सांगितलं. तर तो म्हणाला, कामगार म्हणून पंजीयन करून घ्या. नाव एकदा सरकारच्या यादीत चढलं की मदत खात्यात येईल. अन् कामगाराचं कार्ड निघेल, त्या कार्डावर मोठ्या दवाखान्यात इलाज फुकट.

त्यासाठी मालकाचा कागद पाहिजे. जास्त काही नाही, एकच ओळ. सदर इसम माझ्याकडे इतकी वर्षं कामाला आहे. खाली सही अन् शिक्का.

मले पैशाची घाई नाही. कार्ड पाहिजे. रुईनं छाती भरली आहे हे तुले माहीत आहे. इथे धूळ कमी तरी दम लागतो. दोन पायऱ्या चढलो की बसावं लागते.

एकोणीस वर्षं होतात बघ. मी मोजली नव्हती, धुरपदानं मोजली.

चुडामण


सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
१९ मे २०२०

प्रिय चुडामण,

उशीर झाला, रागावू नको. तहसीलला जाऊन आलो. सगळं बंद आहे. जो एक बाबू होता तो म्हणाला, पोर्टल चालत नाही, नवीन याद्या व्हायच्या आहेत, अजून घाई करू नका. शिवाय कारखान्याचा शिक्का आमच्या पोराकडे, गौरवकडे आहे आणि तो इंदूरला अडकलाय. तो आला की लगेच करू.

तोवर दूधवाल्याजवळ पिशवी पाठवलीय. तांदूळ, तुरीची डाळ, चहापत्ती. आणि श्वासाचा पंप, तोच जो तू नेहमी घेतोस. औषधाच्या दुकानासमोर दीड तास उभा राहिलो तेव्हा मिळाला. जपून वापर.

शोभानं निशासाठी लोणचं दिलंय. तिच्या बी. ए. च्या परीक्षेचं काय झालं ते कळव.

तुझा,
प्रभाकर


जसोंडी
२१ जून २०२०

प्रभाकर,

सामान पोचलं. पंपानं आराम आहे. निशाची परीक्षा पुढे गेली, कधी ते कोणाले माहीत नाही.

सचिव म्हणतो शिक्का नसला तरी चालेल, सही पुरे. गावातला अजून एक जण तुमच्या बाजूलाच दुसऱ्या शेठकडे माग चालवायचा. त्याच्या शेठनं कागद दिला. त्याचं पंजीयन झालं. मागच्या आठवड्यात त्याच्या खात्यात पैसे आले, त्यानं साऱ्या गल्लीला शेव-चिवडा वाटला. धुरपदानं आपला पुडा घेतला नाही. मी म्हटलं घे, तर म्हणते, आपलेबी येतील तेव्हा घेऊ.

तुझ्या मागे लागणं मले बरं वाटत नाही. लोकांसमोर मी तुले शेठ म्हणतो, पण तू मले माहीत आहेस. दुसऱ्याच्या मागावर आपण दोघं एकाच पाळीत उभे राहिलो. तुझा पहिला माग आपण हातगाडीवर ढकलत आणला तेव्हा शनवारा दरवाजाच्या चढावर माझा अंगठा चेंगरला होता, तू रस्त्यात बसून रडला होतास. असा माणूस विसरणार नाही. कामात असशील.

जमेल तेव्हा पाठव. पण पाठव.

चुडामण


सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
८ सप्टेंबर २०२०

प्रिय चुडामण,

चांगली बातमी आहे. सरकारनं छोट्या धंद्यांसाठी कर्जाची योजना काढलीय, हमी सरकारची. काही गहाण ठेवावं लागत नाही. गौरवनं घरी बसून सगळे कागद भरले आणि बँकेनं मंजूर केलं. सूत आणलंय, चार माग सोमवारपासून चालू करतोय. तिसरा तुझाच. तुझं ते अर्धं कापड वाट बघतंय.

तिघंही या. खोली मी बघून ठेवलीय, कारखान्याच्या मागेच. धुरपदाबाई सुताच्या कांड्या भरायला येतील ना?

त्या कागदाचं तू इथे आलास की समोरासमोर बसून बघू. आता काम सुरू झालं, सगळं होईल.

तुझा,
प्रभाकर


सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
१४ फेब्रुवारी २०२१

चुडामण,

हे काय केलंस? शुक्रवारी दुपारी माग चालू ठेवून निघून गेलास. मी बाजारातून आलो तर धोटा अडकून कापड फाटलेलं आणि तू नाहीस. खोलीवर गेलो तर कुलूप. शेजारीण म्हणाली, तिघंही जसोंडीच्या बसनं गेले.

पाच महिने सगळं चांगलं चाललं होतं. पगार वेळेवर दिला. दिवाळीला शोभानं धुरपदाबाईंना साडी दिली, स्वतःसाठी घेतली तशीच. मी काही बोललो का तुला? कोणी काही बोललं का? तब्येत बिघडली असेल तर सांगायचं, डॉक्टरकडे नेलं असतं.

तुझ्याशिवाय तो माग कोणी नीट चालवत नाही. काय झालं ते लिही.

प्रभाकर


जसोंडी
२० फेब्रुवारी २०२१

प्रभाकर,

कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तरी मले ऐकू कुठे येते?

शुक्रवारी तुझ्या टेबलावर सुताची पावती ठेवायला गेलो होतो. बँकेची फाईल उघडी होती. मी कोणाचे कागद वाचत नाही, पण पहिल्याच पानावर माझं नाव दिसलं. टाईप केलेलं. कारखान्यातले कामगार सहा. एक नंबर, चुडामण, मागवाला, एकोणीस वर्षांपासून. खाली तुझी सही. शिक्कासुद्धा. तारीख पाहिली, जून महिन्याची. म्हणजे मी तुले दुसऱ्यांदा लिहिलं, त्याच महिन्यातली.

पहिले तर मले आनंद झाला, खरं सांगतो. वाटलं, दिला यानं कागद, मलेच सांगायचं राहिलं. मी ते पान हातात घेऊन उभा राहिलो. मग समजलं. बँकेले दाखवायला मी तुझा कामगार आहे. सरकारकडून मले काही भेटायची वेळ आली की मी कोणी नाही.

परत मागावर गेलो, पण हात चालेना. डोळ्यासमोर धोटा अडकला अन् मी पाहत राहिलो. म्हणून निघालो. कापडाचं नुकसान झालं ते मी भरून देईन.

धुरपदाले मी कारण सांगितलं नाही. तिले अजून वाटते तू आज देशील, उद्या देशील. निशाले समजलं आहे. ती म्हणते, बाबा, तुम्ही शांत कसे राहता. मी शांत नाही. मले ओरडायचं होतं तुझ्यावर. पण आपण आयुष्यभर ओरडूनच बोललो, त्यात राग कोणता ते तुले कसं कळलं असतं?

एक सांग. खरं सांग. का नाही दिलास?

चुडामण


सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
६ मार्च २०२१

चुडामण,

तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

तुझी पहिली चिठ्ठी आली त्याच दिवशी मी कागद लिहायला बसलो होतो. लिहिलाही होता. मग टॅक्सच्या वकिलाला फोन केला, नमुना बरोबर आहे का विचारायला. तो हसला. म्हणाला, "भाऊ, ही एक ओळ लिहिलीत की तुम्ही गेलात. एकोणीस वर्षं माणूस कामाला आहे, मग त्याचा फंड कुठे? विमा कुठे? कामगार ऑफिस सगळ्या वर्षांचं व्याजासकट मागेल. एकाला दिलात की बाकी पाच रांगेत उभे राहतील." मी घाबरलो. कागद फाडला. पोर्टल चालत होतं. शिक्का माझ्या कपाटात होता. गौरव तेव्हा घरीच होता.

आणि बँकेनं कामगार किती विचारलं, तेव्हा तुमची नावं द्यायला मला काही वाटलं नाही. तिथे फायदा माझा होता. एवढंच. याहून चांगलं कारण माझ्याजवळ नाही.

शोभाला काल सांगितलं. तिनं जेवायला वाढलं, पण माझ्याबरोबर बसली नाही.

सोबत कागद आहे. एकोणीस वर्षं लिहिलंय, अक्षरी आणि आकड्यात. सही, शिक्का, माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स. धुरपदाबाईंचाही वेगळा कागद केलाय, त्यांनी तेरा वर्षं कांड्या भरल्या. जे व्हायचं ते माझं होऊ दे. तू लगेच जाऊन पंजीयन कर.

कापडाचं नाव काढू नको.

प्रभाकर


जसोंडी
२७ मार्च २०२१

प्रभाकर,

कागद भेटले. धुरपदाले वाचून दाखवले. तिनं तेरा वर्षं ऐकलं अन् म्हणाली, चौदा. भांडली थोडा वेळ, मग पदर डोळ्याला लावला.

पंचायतीतलं मशीन बंद होतं, म्हणून बुऱ्हाणपूरच्या ऑफिसात जावं लागलं. तीन दिवस गेलो. कलेक्टर साहेबांच्या पाट्या लागल्या आहेत, दूर दूर उभे राहा, पण रांगेत कोण ऐकते? मागचा माणूस माझ्या पाठीला टेकून उभा. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मी ओठ पाहून समजतो, ते तुले माहीत आहे. ओठच दिसत नाहीत तर मी काय समजू? पहिल्या दिवशी माझा नंबर पुकारला अन् मी तसाच उभा राहिलो, मागचे चार पुढे गेले. दुसऱ्या दिवशी सर्व्हर डाउन. तिसऱ्या दिवशी निशा कॉलेज बुडवून सोबत आली.

खिडकीवरच्या बाईनं तुझा कागद वाचला. मास्क खाली करून माझ्याकडे पाहून बोलली, "उन्नीस साल एक ही मालिक के यहाँ?" मी म्हटलं, हो बाई. तिनं निशाले म्हटलं, "अच्छा मालिक होगा." निशानं वही बंद केली. मी म्हटलं, चांगला आहे.

तू खोटं वागला, ते मी विसरणार नाही. पण मी म्हटलं ते खोटं नव्हतं.

पावती भेटली. एक महिन्यात कार्ड येईल. तेव्हा येतो कामावर. आता दोन दिवसांपासून ताप आहे, उन्हात उभं राहून आला असेल. होळी झाली की उतरेल.

चुडामण


जसोंडी
२३ मे २०२१

प्रभाकरकाका,

आईनं सांगितलं म्हणून लिहिते आहे. बाबा नऊ एप्रिलला गेले. तुम्हाला कोणी ना कोणी सांगितलंच असेल, पण आमच्याकडून कळवायचं राहिलं होतं.

होळीनंतर ताप वाढला, मग दम. गावातल्या डॉक्टरांनी शहरात न्या म्हटलं. रिक्षावाला दुप्पट पैसे घेऊन तयार झाला. पहिल्या दवाखान्यात बेड नव्हता. दुसऱ्यात बाहेर बाकावर बसवलं आणि ऑक्सिजन लावला, एका सिलिंडरवर दोघं. नर्सबाई धावत होत्या, त्यांना मी दोष देत नाही. पण त्या बाबांना काय सांगत होत्या ते बाबांना एक अक्षर कळलं नाही. सगळ्यांची तोंडं झाकलेली. ते एकेकाच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. मी वही काढली. मी लिहिलं, बाबा, खोल श्वास घ्या. ते वाचून मान हलवायचे. नंतर डोळे मिटलेले असायचे, मग लिहून काय उपयोग? मी हातावर बोटानं लिहीत राहिले. पहाटे गेले.

तपासणी झालीच नव्हती, म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही. कोरोनानं गेलेल्यांसाठी जे काही मिळेल ते आम्हाला मिळणार नाही.

आता कामाचं. बाबांचं पंजीयन सत्तावीस मार्चच्या आत झालेलं आहे, पावती आहे. कामगार ऑफिसात म्हणाले की पंजीयन झालेला कामगार गेला तर त्याच्या घरच्यांना मदत आहे, पण मालकाच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव नाही, म्हणून प्रकरण अडकलं आहे. मालकाला स्वतः येऊन बयान द्यावं लागेल.

मी तुम्हाला विनंती करत नाही, फक्त विचारते. तुम्ही याल का?

तुमचा कागद घेऊन बाबा तीन दिवस रांगेत उभे होते. तो कागद एक वर्ष आधी आला असता, तर गावात कोणाला काही झालेलं नव्हतं तेव्हाच ते त्या रांगेत उभे राहून आले असते. हे आईला माहीत नाही. मी सांगणारही नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

निशा


सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
१० डिसेंबर २०२१

धुरपदाबाईंना प्रभाकरचा नमस्कार,

निशाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामगार ऑफिसात गेलो. तेव्हापासून सात वेळा जाऊन आलो. प्रत्येक वेळी वाटलं, काम झालं की मगच लिहावं.

साहेबांनी विचारलं, "रजिस्टर में एक भी नाम नहीं है, और आप कहते हैं उन्नीस साल?" मी म्हटलं, हो, एकोणीस. "लिखकर देंगे? मतलब समझते हैं इसका?" मी म्हटलं, समजतं. बाकीच्या पाच जणांचीही नावं लिहून दिली. तुमचंही. वकिलानं माझं काम सोडलं.

काल आदेश निघाला. चुडामणच्या मागची मदत तुमच्या खात्यात जमा होईल. कामगार म्हणून तुमचं कार्डही येईल. माझ्याकडून जे निघतं त्याची नोटीस मला आली आहे, ते मी भरतो आहे. चार माग विकले, मालेगावचा माणूस घेऊन गेला. बँकेचा हप्ता चालू आहे. राहिलेल्या दोन मागांवर मी स्वतः उभा राहतो आणि शोभा कांड्या भरते. तिला येत नाही, सूत सारखं तुटतं. तुम्ही कशा भरायच्या ते ती आठवून आठवून करते.

हे मी मोठेपणा म्हणून लिहीत नाही. मी माफी मागायला येणार होतो. जसोंडीच्या फाट्यापर्यंत दोनदा आलो आणि परत फिरलो. चुडामणच्या फोटोसमोर उभं राहून मी काय बोलणार?

प्रभाकर


जसोंडी
१८ मार्च २०२२

प्रभाकरभाऊंना धुरपदाबाईचा रामराम. पत्र निशाच्या हातचं आहे, बोलणं माझं आहे.

पैसे जमा झाले. कार्डबी आलं. पोरीच्या नावानं बँकेत ठेवले, भावजींचं थोडं देणं होतं ते दिलं. आता आम्ही गोठ्याजवळून निघालो, गावातच दोन खोल्या घेतल्या भाड्यानं.

यांचं वर्षश्राद्ध आहे, तिथीनं तीस तारखेला येते. तुम्ही अन् वहिनी या. फाट्यावरून परत जाऊ नका. पाकीट आणू नका, साडी आणू नका. येऊन जेवा. यांच्याबरोबर ज्यानं काम केलं असा तुमच्याशिवाय दुसरा माणूस मले माहीत नाही. इथे सारे यांना ओळखतात, पण भावाकडे येऊन राहिलेला, आजारी, बहिरा म्हणून. माग चालवताना यांना कोणी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं. पंगतीत बसून ते सांगा चार लोकांना.

काय काय झालं ते मले सारं समजलं आहे. पोर सांगत नाही, पण मी तिची आई आहे. मी मनातून काढलं असं म्हणत नाही. तरी या.

वहिनीला म्हणा, सूत ओल्या बोटानं धरा, तुटणार नाही.

काका, इथपर्यंत आईचं. पुढचं माझं.

मी त्या दिवशी घरी नसेन, सुटी मिळणार नाही असं आईला सांगितलं आहे. मी शहरात एका कापडाच्या दुकानात लागले आहे, हिशेब लिहायला. पहिल्या दिवशी शेठ म्हणाले, कामाला लाग, कागदाचं नंतर बघू. मी पिशवी खांद्यावरून काढली नाही. म्हटलं, आधी नाव लिहा. ते चिडले, बाकीच्या मुली बघायला लागल्या. मी दारातच उभी राहिले, अर्धा तास. शेवटी त्यांनी रजिस्टर मागवलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

मग मी आत गेले.

निशा